कोरा शिकताना: आधी डावा अंगठा, मग बाकी सगळं

कोरा, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतलं भोपळ्याचं तंतुवाद्य, हातात आला की आपल्याकडचा माणूस पहिल्या दिवशी त्यावर सारेगम शोधतो. पेटीवर, सतारीवर, बासरीवर हेच केलेलं असतं, म्हणून इथेही तेच. दोन आठवड्यांत सरगम बसते, एखादं भावगीतही वाजतं, आणि मग गाडी तिथेच अडते. डावा हात रिकामा राहतो, लय धरता येत नाही, ज्या मांडिंका समाजाचं हे वाद्य, त्यांच्या वादकासारखं काहीच वाजत नाही. मीही पहिले चार महिने असेच घालवले. नंतर गांबियातल्या एका शिक्षकांनी सगळं पुसायला लावलं आणि डाव्या अंगठ्यापासून सुरुवात करून घेतली.

खाली जो क्रम आहे तो तसाच ठेवा. कोऱ्यात चुका अवघड जागी होत नाहीत, सोप्या पायऱ्या गाळल्यामुळे होतात.

१. वाद्य घेताना काय बघायचं

अर्धा भोपळा, त्यावर ताणलेलं गायीचं कातडं, आरपार गेलेली लाकडी मान, कातड्यावर उभी उंच घोडी (हिच्या खाचांतून तारा जातात) आणि २१ तारा. तार म्हणतो ती सवयीने, कारण आज ती नायलॉनची, मासेमारीच्या दोरीची असते. तारा मानेला कशा बांधल्या आहेत, यावर तुमचं पहिलं वर्ष अवलंबून आहे.

पारंपरिक कोऱ्यात मानेवर चामड्याची वेटोळी असतात, त्यांना कोंसो म्हणतात. कडं पिळत पिळत वर सरकवलं की तार चढते, खाली आणलं की उतरते. दिसायला देखणं, पण नवशिक्याची बोटं सोलून काढणारं काम. दुसरा प्रकार लाकडी किंवा लोखंडी खुंट्यांचा, तिसरा गिटारसारख्या मशीन हेडचा. स्वतः शिकणाऱ्याने मशीन हेडचाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कोंसोवाल्या वाद्यात रोजच्या तासातली चाळीस मिनिटं सूर लावण्यात जातात आणि माणूस वैतागून वाद्य कोपऱ्यात ठेवतो. ‘अस्सल’ हवं म्हणून हट्ट धरणारे मी पाहिलेत. त्यांचे कोरे भिंतीवर छान दिसतात.

बघायच्या गोष्टी: भोपळ्याला केसासारखी बारीक चीर आहे का (उजेडासमोर धरा), घोडी बरोबर मध्यावर आणि सरळ उभी आहे का, मान पिळवटलेली नाही ना, कातड्याच्या कडेच्या खिळ्यांपाशी फाटलंय का. भोपळ्याची बारीक चीर तानपुरा-सतारीचं काम करणारा कारागीर बुजवू शकतो. कातडं फाटलं असेल तर वाद्य घेऊ नका.

सावधान: ‘शोभेचा कोरा’ नावाने पर्यटकांना विकली जाणारी छोटी वाद्यं सुरात राहत नाहीत. तारा मोजा. २१ नसतील तर पुढचा लेख तुम्हाला लागू नाही.

२. तारांना नंबर द्या

घोडीच्या दोन्ही कडांना खाचा असतात. डावीकडे ११ तारा, उजवीकडे १०. वाद्य धरताना कातडं तुमच्याकडे आणि भोपळ्याची पाठ श्रोत्यांकडे. गिटारसारखं उलटं धरलेले फोटो मी दर महिन्याला बघतो, म्हणून हे लिहावं लागतंय. असं धरलं की घोडीच्या टोकाशी, म्हणजे तुमच्या अगदी जवळ, लांब जाड खर्जाच्या तारा येतात आणि कातड्यालगत आखूड बारीक.

जवळच्या जाड तारेपासून मोजायला लागा. डावीकडच्या डा१ ते डा११, उजवीकडच्या उ१ ते उ१०. पुष्कळ कोरे ‘एफ’मध्ये, म्हणजे पेटीच्या पांढरी चारमध्ये लावलेले असतात. पांढरी चारला सा धरला तर मांडणी अशी:

डावा हात: डा१ सा, डा२ प, डा३ ध, डा४ नी, डा५ रे, डा६ म, डा७ ध, डा८ सा, डा९ ग, डा१० प, डा११ नी.

उजवा हात: उ१ सा, उ२ ग, उ३ प, उ४ नी, उ५ रे, उ६ म, उ७ ध, उ८ सा, उ९ रे, उ१० ग.

हे पाठ करण्याआधी एकदा नीट बघा, कारण आपली सगळी गडबड इथेच आहे. खालच्या सप्तकात फक्त सा, प, ध, नी आहेत आणि चारही डावीकडे. मधलं सप्तक उ१ च्या सा पासून सुरू होतं आणि पुढे हात आलटून पालटून येतात: सा उजवीकडे, रे डावीकडे (डा५), ग उजवीकडे, म डावीकडे... असं करत वरचा सा येतो तो डावीकडे, डा८ वर. म्हणजे एका सप्तकात ग उजव्या हाताचा, तर पुढच्या सप्तकात तोच ग डाव्याचा. त्याच्याही वरचा सा पुन्हा उजवीकडे, आणि शेवटचे सा, रे, ग तिन्ही उजव्याच हाताला. पेटीवर वरचं सप्तक खालच्यासारखंच दिसतं, तसं इथे काही नाही. म्हणून ‘सरगम आली की सगळं आलं’ हा हिशेब कोऱ्यावर चुकतो.

तपासा: डोळे मिटून कुणालातरी ‘डा६’, ‘उ४’ असं म्हणायला सांगा. दहापैकी आठ वेळा बोट बरोबर तारेवर गेलं की पुढे जा. तारांवर रंगीत ठिपके लावायची गरज नाही. चारही सा ओळखण्यापुरती खूण चालेल: डा१, उ१, डा८, उ८.

३. सूर लावणे

इथे घाई केली तर घोडं पेंड खातं, किंवा खरं सांगायचं तर घोडी आडवी होते. कोऱ्याची घोडी कुठेही चिकटवलेली नसते. तारांच्या दाबानेच ती कातड्यावर उभी राहते. एका बाजूच्या तारा भराभर चढवल्या आणि दुसऱ्या बाजूच्या ढिल्या राहिल्या की ती कलते.

क्रम असा:

१. सूर लावण्याआधी घोडीचा समोरून आणि बाजूने फोटो काढा. पुढे हाच फोटो उपयोगी पडतो.
२. आधी चारही सा: डा१, उ१, डा८, उ८. डावी-उजवी आलटून पालटून.
३. मग प: डा२, उ३, डा१०.
४. मग बाकीचे. एक स्वर धरून त्याची सगळी सप्तकं एकदम मिळवा, रे झाले की ग, मग म, ध, नी.
५. पहिल्या फेरीनंतर डा१ पुन्हा बघा. तो उतरलेला असणार, कारण बाकीच्या तारांनी कातडं थोडं खाली दाबलेलं असतं. परत पहिल्यापासून. नव्या तारा असतील तर तीन-चार फेऱ्या धरूनच चला. नायलॉन काही दिवस ताणत राहतं.

फोनवरचं ट्यूनर अ‍ॅप सुरुवातीला वापरा, पण त्याला अंतिम शब्द मानू नका. मांडिंका वादक सूर लावायच्या ज्या पद्धती वापरतात त्यांची नावं सिलाबा (तोमोरा बा), तोमोरा मेसेंगो, हार्दिनो आणि सौता. सौतामध्ये मध्यम चढा असतो, आपल्या भाषेत तीव्र म. डा६ आणि उ६ या दोनच तारा चढवल्या की बिलावलचा यमन होतो असं समजा, कामापुरतं. बाकीच्या पद्धतींत काही स्वर पेटीच्या पट्टीपेक्षा किंचित इकडेतिकडे बसतात आणि त्यांच्या जागा वादकागणिक थोड्या हलतात. तानपुऱ्यावर गंधार ऐकलेल्या कानाला हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणून पहिले दोन महिने अ‍ॅप, नंतर शिक्षकांकडून २१ तारा एकेक करून रेकॉर्ड करून घ्या आणि त्या आवाजाशी मिळवा.

सावधान: स्वतःच्या गळ्याला सोयीचं म्हणून कोरा पांढरी चारवरून काळी चारवर चढवू नका. २१ तारांचा वाढलेला ताण मान, घोडी आणि कातडं सगळ्यांवर येतो. घेतानाच विचारा, वाद्य कोणत्या पट्टीसाठी बनवलंय. खाली उतरवणं तितकं धोक्याचं नाही, पण एका स्वराहून जास्त उतरवलं की डा१ नुसती फडफडते.

हवेबद्दल एक आठवण सांगतो. ठाण्याच्या घरी जुलैत एका सकाळी बघतो तर अख्खा कोरा जवळजवळ एक श्रुती उतरलेला. दमट हवेने कातडं सैल पडलं होतं, घोडी बसली होती. मी रोज थोडा थोडा चढवत गेलो. पाऊस सरला, ऑक्टोबरचं ऊन आलं, कातडं सुकून आखडलं, सूर आपोआप वर गेला आणि एका दुपारी बंद खोलीत ‘टण्’ असा आवाज आला. डा३ गेली होती. तेव्हापासून पावसाळ्यात कोरा थोडा खालीच लावतो आणि तसाच वाजवतो. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. वाद्य खिडकीपाशी किंवा एसीच्या झोतात नको.

४. बैठक आणि पकड

हात नसलेली खुर्ची किंवा स्टूल घ्या. भोपळा मांड्यांच्या मध्ये, मानेचं खालचं टोक जमिनीवर. मांडी घालून बसायचा मोह होतो, पण नवशिक्याचे गुडघे भोपळ्याला लागतात आणि मान एका बाजूला झुकते. सहा महिन्यांनी हवं तर खाली बसा.

मानेच्या दोन्ही बाजूंना कातड्यावर दोन उभ्या दांड्या असतात. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी, ही तीन बोटं त्या दांडीभोवती. वाजवायला उरतात दोन अंगठे आणि दोन तर्जन्या. बस, चारच बोटं. पाचवं बोट वापरायचा प्रयत्न करू नका, दांडीवरची पकड सुटली की हाताची जागाच हरवते.

पकड किती घट्ट? दुधाची पिशवी धरतो तेवढी. नवशिक्याच्या हाताचा पंजा पंधरा मिनिटांत दुखायला लागतो, तो वाजवण्याने नव्हे, दांडी आवळल्याने.

५. छेडणे

अंगठा तार पुढे, स्वतःपासून दूर ढकलतो. तर्जनी तार स्वतःकडे ओढते. दोन्हींच्या दिशा उलट आहेत, हे हाताला पटायला आठवडा जातो. सुरुवातीची वाटणी अशी ठेवा: डावा अंगठा डा१ ते डा६, डावी तर्जनी डा७ च्या पुढे; उजवा अंगठा उ१ ते उ४, उजवी तर्जनी उ५ च्या पुढे. पुढे या सीमा ओलांडाव्या लागतात, पण आत्ता नाही.

पहिला आठवडा फक्त हे: डावा अंगठा, डा१, डा२, डा१, डा३, सारख्या अंतराने, दहा मिनिटं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण कोऱ्याचा सगळा इमला या अंगठ्यावर उभा असतो. उजवा हात कितीही चपळ असला तरी खर्ज डगमगला की ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

नखं अगदी छोटी किंवा फार लांब दोन्ही नकोत. बोटाच्या मांसाने सुरुवात करा, नख शेवटी हलकं लागू दे. तर्जनीच्या कडेला फोड आला तर दोन दिवस सुट्टी. फोडावर पट्टी लावून वाजवाल तर तार छेडायची जागा बदलते आणि ती सवय नंतर सुटत नाही.

तपासा: प्रत्येक तारेचा आवाज सारखा आहे का, हे मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. वाजवताना आपल्याला आपलाच अंगठा मोठा वाटतो, रेकॉर्डिंगमध्ये तो जवळजवळ ऐकूच येत नाही.

६. दोन्ही हात एकत्र

खालचा आठ मात्रांचा आकृतिबंध मी सरावासाठी बांधलाय, ती कुठलीही पारंपरिक रचना नाही. यात चारही बोटांना काम आहे:

१ – डा१ (डावा अंगठा, सा)
२ – रिकामी
३ – उ३ (उजवा अंगठा, प)
४ – डा८ (डावी तर्जनी, वरचा सा)
५ – डा२ (डावा अंगठा, प)
६ – रिकामी
७ – उ२ (उजवा अंगठा, ग)
८ – उ५ (उजवी तर्जनी, वरचा रे)

आधी तोंडाने मात्रा मोजत, मेट्रोनोम ६० वर. मग मोजणं थांबवून पायाने १ आणि ५ धरा. मग १, ४ आणि ७ वर पाय मारून बघा. अंगठा एक हिशेब सांगतो आणि पाय दुसराच, अशी ओढाताण होईल. या वाद्यातल्या लयीची गंमत तीच आहे आणि नवशिक्याची पहिली खरी भिंतही तीच.

नेहमीची चूक: रिकाम्या मात्रेवर घाई करणे. दुसऱ्या आणि सहाव्या मात्रेला ‘हं’ म्हणा. विनोद नाही, खरंच म्हणा.

७. कुंबेंगो: लेहरा धरून बसा

कुंबेंगो म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा, रचनेचा कणा असलेला आकृतिबंध. तबल्याच्या सोलोला पेटी किंवा सारंगीवाला लेहरा धरतो ना, त्याच जातीचं काम. फरक एवढाच की इथे लेहरा धरणारा आणि त्यावर खेळणारा एकच माणूस असतो. म्हणून कुंबेंगो इतका अंगात मुरला पाहिजे की तो चालू असताना कुणाशी दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत.

शिकाऊ मुलाला सुरुवातीला बहुधा ‘केलेफाबा’ ही पारंपरिक रचना देतात. तुम्हीही तिच्यापासून सुरुवात करा. यूट्यूबवर जी रचना सगळ्यात वेगवान वाटते ती पहिल्यांदा उचलायची नाही.

टप्पे:

- फक्त डाव्या अंगठ्याची ओळ वेगळी काढा, तीन दिवस तीच.
- उजव्या अंगठ्याची ओळ त्यात घाला.
- मग दोन्ही तर्जन्या.
- सलग पाच मिनिटं न थांबता. चूक झाली तरी थांबायचं नाही, पुढच्या फेरीत सावरायचं.

रेकॉर्डिंगवरून शिकणाऱ्यांची हमखास होणारी गफलत म्हणजे सम चुकीच्या जागी ऐकू येणं. पहिला ऐकू आलेला स्वर म्हणजे सम, असं आपण धरतो. इथे कुणी तबल्यावर ‘धा’ देऊन सम दाखवत नाही. उपाय जुना आहे: तिकडे वादकाच्या शेजारी बसून कुणीतरी भोपळ्यावर टकटक करत लय धरतं, त्याला कोंकोन म्हणतात. घरातल्या कुणालातरी स्टूलवर ठोका धरायला बसवा. ठोका आणि तुमचा अंगठा दोन मिनिटांत भांडायला लागले, तर सम चुकली आहे.

तपासा: कुंबेंगो वाजवत असताना फोन नंबर म्हणून दाखवा. अडखळलात तर अजून आठवडाभर पुढची पायरी नको.

८. बिरिमिंतिंगो: धावायला आत्ता परवानगी

रचनेत मधूनच जे वेगवान, बहुतेक वेळा वरून खाली घरंगळत येणारे तुकडे ऐकू येतात, ते बिरिमिंतिंगो. आता ती सरगम कामाला येते. उ१० पासून खाली उतरा: उ१०, उ९, उ८ सलग उजव्या हाताने, मग डा११, उ७, डा१०, उ६, डा९, उ५, डा८. पहिले तीन एकाच बाजूचे आणि नंतर एकाआड एक, या सांध्यावर सगळे अडखळतात. फक्त उ८ ते डा११ एवढाच उंबरठा पन्नास वेळा ओलांडा.

मग शिस्त अशी: चार फेऱ्या कुंबेंगो, एका फेरीत एकच छोटा तुकडा, पुन्हा चार फेऱ्या कुंबेंगो. तुकडा संपून परत यायची जागा चुकली तर तुकडा लहान करा, वेग कमी करू नका. तान घेऊन समेवर येणाऱ्या गायकाला हे वेगळं सांगायला नको.

९. शिक्षक

व्हिडिओवरून सातव्या पायरीपर्यंत पोचता येतं, त्यापुढे कान ओढणारा माणूस लागतो. गांबिया, सेनेगलचा दक्षिणेकडचा कासामांस भाग, माली, गिनी इथले अनेक जाली, म्हणजे पिढीजात गायक-वादक, ऑनलाइन शिकवतात. बरेच जण स्वरांची नावं घेत नाहीत, ‘असं’ म्हणतात आणि वाजवून दाखवतात. वहीत उतरवायला वेळ मागू नका, रेकॉर्डिंगची परवानगी मागा. फी आधी ठरवा आणि वेळेवर द्या, हे त्यांचं पिढीजात पोटापाण्याचं काम आहे. रचना वाजवायला कुणी अडवत नाही, पण घराण्यांची वंशावळ गाऊन कुणाची स्तुती करणं हा जालीचा वारसा आहे. तो आपण गळ्यात घेऊ नये.

१०. तार तुटली, प्रवास आला

तार बदलताना एका वेळी एकच काढा. सगळ्या सोडल्या की घोडी पडते आणि तिची नेमकी जागा शोधण्यात दिवस जातो. प्रत्येक तारेची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजून यादी भोपळ्याच्या पिशवीत ठेवा. खालच्या लोखंडी कड्याशी असलेल्या गाठीचा फोटो जुनी तार कापण्याआधी काढा, नंतर सुचून उपयोग नाही.

विमानाने नेताना वाद्य ठेवायची पक्की पेटीच हवी. २०२० मध्ये मालीचे कोरावादक बालाके सिसोको न्यूयॉर्कहून पॅरिसला परतले तेव्हा त्यांच्या कोऱ्याची मान निघालेली, तारा आणि घोडी सुटलेली होती. तेव्हा शक्य असेल तर वाद्यासाठी वेगळी सीट, नाहीतर पेटीत वरच ‘हे काय आहे आणि कसं उघडायचं’ याचा इंग्रजी कागद आणि फोटो. निघताना सगळ्या तारा साधारण दोन स्वर उतरवा, पूर्ण सोडू नका. घोडीच्या दोन्ही बाजूंना मऊ कापड ठासून भरा.

पोचल्यावर पेटी उघडून एक दिवस वाद्य तसंच खोलीत राहू द्या. मग घोडी आधीच्या फोटोशी ताडा, तिरकी झाली असेल तर तारा ढिल्या असतानाच खालच्या टोकाला धरून हळू सरकवा, आणि मग डा१ पासून चढवायला घ्या.